सिलिंड्रिकल नंबर, रातांधळेपणा आणि घराणे : डोळ्यांच्या आनुवंशिक दोषांविषयी

धुकेरी

नमस्कार. माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीला नुकताच चष्मा लागला. डॉक्टरांनी थेंब घालून तपासणी केल्यावर जो कागद दिला, त्यावर दोन्ही डोळ्यांचा स्फेरिकल नंबर शून्य आणि सिलिंड्रिकल नंबर उणे २.५० असा लिहिलेला आहे. उजव्या डोळ्याचा अक्ष १० आणि डाव्याचा १७०. मला स्वतःला शाळेपासून उणे दोनच्या आसपास सिलिंड्रिकल नंबर आहे, माझ्या वडिलांनाही तरुणपणापासून चष्मा होता, आणि यजमानांच्या घरी मात्र चाळिशीपूर्वी कोणालाच चष्मा लागलेला नाही. साहजिकच सासूबाईंनी 'हे आमच्याकडचं नाही' असा निकाल देऊन टाकला आहे. त्या निकालाशी माझे भांडण नाही. मला एवढेच समजून घ्यायचे आहे, की असा नंबर खरोखर आईवडिलांकडून येतो का, येत असेल तर कितपत, आणि पुढेमागे दुसरे अपत्य झाल्यास त्याच्याबाबतीत काय काळजी घ्यावी. वडिलांचा हल्लीचा कागद पाहिला तर त्यावर अक्ष ९० च्या जवळ आहे, त्यामुळे हा एकच दोष आहे की दोन वेगळे, हेही कळत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सासूबाईंच्या सख्ख्या भावाला, म्हणजे यजमानांच्या मामांना, रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार आहे. त्यांना तरुणपणी अंधारात दिसेनासे झाले आणि आता पन्नाशीत बाजूचे जवळजवळ काही दिसत नाही. यजमानांची दृष्टी उत्तम आहे. तरीही मुलीला हा धोका आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अक्षांश

मी ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करतो, त्यामुळे नंबरापुरते लिहितो. जनुकांविषयी येथे अधिक अधिकाराने लिहिणारे लोक आहेत.

डोळ्याची एकूण प्रकाश वळवण्याची शक्ती साधारण ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबरही याच एककात मोजतात) धरली, तर त्यातील सुमारे ४३ डायॉप्टर एकट्या कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची असते. हा पडदा सर्व दिशांना सारखाच वक्र असेल, तर प्रकाश एका बिंदूत एकत्र येतो. उभ्या दिशेची वक्रता एक आणि आडव्या दिशेची दुसरी असेल, तर तो दोन वेगवेगळ्या अंतरांवर दोन रेषांमध्ये एकत्र येतो, आणि चित्र कोठेच पूर्ण स्पष्ट होत नाही. यालाच आपण ॲस्टिग्मॅटिझम किंवा दृष्टिवैषम्य म्हणतो, आणि ते भरून काढणाऱ्या काचेचा नंबर म्हणजे सिलिंड्रिकल नंबर. फरक किती सूक्ष्म असतो, हे पाहण्यासारखे आहे. कॉर्नियाच्या वक्रतेची त्रिज्या सरासरी ७.८ मिलिमीटर असते. एका दिशेला ७.८ आणि काटकोनातील दिशेला ७.४ एवढाच भेद असला, तरी दोन-सव्वादोन डायॉप्टरचा सिलिंड्रिकल नंबर तयार होतो. आपल्या मुलीच्या डोळ्यात अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अशा फरकाची ही गोष्ट आहे.

अक्ष १० आणि १७० हे आकडे दिसायला दूरचे वाटले, तरी ते एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब आहेत. दोन्ही आडव्या रेषेपासून दहा अंशांवर, फक्त विरुद्ध बाजूंना. दोन डोळ्यांमध्ये अशी जुळणी पुष्कळदा आढळते. वडिलांच्या कागदाचे म्हणाल, तर हल्लीचा कागद तुलनेसाठी फारसा उपयोगाचा नाही. लहान मुलांत आणि तरुणांत उणे सिलिंड्रिकलचा अक्ष बहुधा १८० च्या आसपास असतो, म्हणजे कॉर्निया उभ्या दिशेने अधिक वक्र असतो. उतारवयात ही दिशा हळूहळू बदलून अक्ष ९० कडे सरकतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर छेदामुळे आणखी फरक पडतो. वडिलांचा तिशीतला एखादा कागद जपून ठेवलेला असेल, तर तो पाहावा. आणखी एक गोम अशी, की काही ठिकाणी हाच नंबर अधिक चिन्हाने लिहितात. आपल्या मुलीचा उजव्या डोळ्याचा नंबर कोणी 'स्फेरिकल उणे २.५०, सिलिंड्रिकल अधिक २.५०, अक्ष १००' असा लिहिला, तर तो अक्षरशः तोच नंबर आहे. घरातल्या तीन पिढ्यांचे कागद शेजारी ठेवून निष्कर्ष काढणाऱ्यांची या दोन पद्धतींमुळे हमखास दिशाभूल होते.

आता महत्त्वाचे. पहिल्या वर्षात बहुतेक बाळांच्या डोळ्यांत बऱ्यापैकी सिलिंड्रिकल नंबर असतो आणि तो पुढे आपोआप कमी होतो. शाळेच्या उंबरठ्यावरही दीड-दोन डायॉप्टरच्या पुढे राहिला, तर मात्र मेंदूला एका दिशेच्या रेषा स्पष्ट दिसण्याचा सरावच मिळत नाही आणि डोळा आळशी होतो. म्हणून आपल्या मुलीला चष्मा झोप सोडून पूर्ण वेळ हवा. चष्मा लावल्यावरही पहिल्याच दिवशी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येईलच असे नाही. दृष्टी काही महिन्यांत सुधारत जाते. नंबर वारशाने आलेला असो वा नसो, आळशी डोळा वारशाने येतो असे मानून स्वस्थ बसू नये, कारण येथे तो उशीर केल्यामुळे होतो.

त्रिज्या

मी आनुवंशशास्त्र शिकवते. 'कितपत' या शब्दावर थोडे थांबावे लागेल, कारण या विषयातील बहुतेक गैरसमज तेथूनच सुरू होतात.

एखादा दोष घरात अनेकांना आहे, एवढ्यावरून तो जनुकांमुळे आहे असे ठरत नाही. घरात जनुकांप्रमाणेच सवयी आणि परिस्थितीही सामायिक असतात. म्हणून जुळ्यांचा आधार घेतात. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळजवळ पूर्ण सारखी आणि भिन्न जुळ्यांची सरासरी निम्मी सारखी असतात, आणि वाढण्याची परिस्थिती दोन्ही प्रकारांत सारखीच असते. त्यामुळे एकसारख्या जुळ्यांमधील साम्य जितके अधिक, तितका जनुकांचा वाटा मोठा. ब्रिटनमधील जुळ्या स्त्रियांचा असा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळचा-दूरचा नंबर, म्हणजे मायोपिया आणि हायपरोपिया, यांच्या बाबतीत माणसामाणसांतील फरकाचा ८४ ते ८६ टक्के भाग जनुकांशी निगडित निघाला. सिलिंड्रिकल नंबराच्या बाबतीत हा वाटा साधारण निम्म्याच्या आसपास होता. त्याआधीच्या काही अभ्यासांत तर तो नगण्य आढळला होता, म्हणजे या प्रश्नावर एकमत सहजी झालेले नाही.

'निम्मा वाटा' म्हणजे आपल्या मुलीच्या अडीच नंबरापैकी सव्वा नंबर जनुकांचा आणि सव्वा परिस्थितीचा, असा अर्थ मुळीच नाही. हा आकडा एका समूहातील फरकाविषयी बोलतो, एका डोळ्याविषयी नाही, आणि समूह किंवा परिस्थिती बदलली तर आकडाही बदलतो. त्याच अभ्यासातील आणखी एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. सिलिंड्रिकलच्या आनुवंशिक वाट्याचा मोठा भाग असा होता, जो जनुकाच्या दोन प्रतींच्या विशिष्ट जोडीमुळे घडतो. आता जोडी काही पालकाकडून अपत्याकडे जशीच्या तशी जात नाही. प्रत्येक पालकाकडून एकेकच प्रत येते आणि अपत्यात नवी जोडी जमते. त्यामुळे एकसारख्या जुळ्यांत साम्य ठळक दिसले, तरी आई-मुलीत ते तितके दिसेलच असे नाही. आईला नंबर आणि मुलाला काहीच नाही, किंवा आईवडिलांपैकी कोणालाच नाही आणि मुलाला मात्र तीन, या दोन्ही गोष्टी घडतात, आणि दोन्हींत जनुकांचा हात असू शकतो. सासूबाईंच्या निकालाला म्हणूनच अपील शक्य आहे.

विशिष्ट जनुकांचे म्हणाल, तर २०११ साली आशियाई वंशाच्या लोकांच्या अभ्यासात चौथ्या गुणसूत्रावरील पीडीजीएफआरए या जनुकाच्या परिसरातील बदलांचा कॉर्नियाच्या दृष्टिवैषम्याशी संबंध दिसून आला. हे जनुक पेशींना वाढीचा संदेश स्वीकारण्यास मदत करणारे प्रथिन बनवते, आणि कॉर्नियाच्या वक्रतेशीही त्याचा संबंध आढळलेला आहे. मात्र त्याचा परिणाम अत्यंत लहान आहे. वर अक्षांश यांनी मिलिमीटरचे जे गणित दिले, ते लक्षात घेतले तर हे स्वाभाविकच वाटते: इतका सूक्ष्म भेद घडवण्यासाठी एखादे मोठे जनुक बिघडण्याची गरजच नसते, अनेक जनुकांचे लहानसहान कल आणि पापण्यांच्या दाबासारखी बाह्य कारणे पुरेशी होतात. म्हणून साध्या सिलिंड्रिकल नंबरासाठी जनुकीय चाचणी करून घेण्यात काहीही अर्थ नाही. अशी चाचणी कोणी सुचवली, तर नम्रपणे नकार द्यावा.

उंबरठा

चर्चा विद्वत्तापूर्ण चालली आहे, परंतु मला मूळ मुद्दाच पटत नाही. आमच्या घराण्यात आजोबांच्या पिढीपर्यंत एकालाही चष्मा नव्हता आणि आज सातवीत पोहोचेपर्यंत प्रत्येक नातवंडाच्या नाकावर तो आहे. दोन पिढ्यांत जनुके काही बदलत नाहीत. मग हा सगळा दोष हातातल्या पडद्याचा आणि घरात कोंडून घेण्याचा नाही का? आनुवंशिकता म्हटली, की पालक सुटतात आणि डॉक्टरही सुटतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्रिज्या

आपला अर्धा युक्तिवाद अगदी बरोबर आहे आणि तो मायोपियाला लागू पडतो. १९६९ साली अलास्कातील बॅरो येथील इनुइट कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध झाली. तेथे वडीलधाऱ्या पिढीत मायोपिया जवळजवळ नव्हता आणि शाळेत गेलेल्या तरुण पिढीत तो निम्म्याहून अधिक जणांत होता. जनुके तीच, शाळा नवी. चीनमधील ग्वांगझू येथील शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर नेण्याचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले: तीन वर्षांत बाहेर जाणाऱ्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना मायोपिया झाला, तर नेहमीच्या वेळापत्रकातील ३९.५ टक्क्यांना. फरक खरा आहे, पण सगळा मायोपिया त्याने पुसला गेला नाही, हेही त्याच आकड्यांत दिसते.

मग ८४ टक्क्यांचे काय? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एका पिढीतील सर्वांवरच सारखा ताण आला, तर सगळ्यांचाच नंबर वाढतो, पण त्या पिढीत कोणाचा अधिक वाढला आणि कोणाचा कमी, हे पुष्कळसे जनुकांवरून ठरते. जुळ्यांचे अभ्यास दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतात, आपण पहिला विचारत आहात. मायोपियाशी संबंधित चारशेहून अधिक जनुकस्थाने आजवर सापडली आहेत, आणि त्या सर्वांची बेरीज केली तरी आनुवंशिक वाट्याचा थोडाच भाग उलगडतो.

सिलिंड्रिकल नंबराबाबत मात्र पडद्याला आरोपी करण्याइतका पुरावा नाही. आणि आजोबांना चष्मा नव्हता, म्हणजे नंबर नव्हता असे नाही. तपासणीच झाली नसेल, तर एक-दीडच्या सिलिंड्रिकल नंबरासह माणूस आयुष्यभर शेती किंवा व्यापार करू शकतो.

अक्षांश

त्रिज्या यांच्या शेवटच्या वाक्याला एक पुष्टी. दृष्टिवैषम्याचे पहिले नीट वर्णन करणारा थॉमस यंग याने १८०१ साली ते स्वतःच्याच डोळ्यात मोजले, पण त्यासाठी चष्मा लावण्याची त्याला गरज वाटली नाही. पहिली उपयुक्त दंडगोल काच खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी याने १८२५ साली स्वतःच्या डाव्या डोळ्यासाठी बनवून घेतली. त्याआधीच्या सगळ्या पिढ्या या दोषासह, पण निदानाशिवाय जगल्या.

धुकेरी यांच्या दुसऱ्या अपत्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले होते. नंबर आधी सांगता येत नाही, पण तपासणी लवकर करता येते, आणि त्यासाठी मुलाला अक्षरओळख असण्याची गरज नाही. रेटिनोस्कोपने आम्ही बाहुलीत प्रकाशाची एक पट्टी फिरवतो आणि आतून परत येणारी झळाळी पाहतो. सिलिंड्रिकल नंबर असेल, तर बाहुलीतली पट्टी बाहेर गालावर पडलेल्या पट्टीशी एका रेषेत राहत नाही, ती मोडल्यासारखी तिरपी दिसते. बाहेरची पट्टी फिरवत नेऊन ज्या कोनाला दोन्ही सरळ जुळतात, तो अक्ष. मूल रडत नसेल, तर दोन मिनिटांचे काम आहे. भावंडाला किंवा आईवडिलांना मोठा नंबर असेल, तर तिसऱ्या वर्षापर्यंतसुद्धा थांबू नये. बाहुली पांढरी किंवा छायाचित्रात एका डोळ्यात पांढरी चमक दिसत असेल, तर मात्र वयाची वाट न पाहता त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जावे, कारण तो दृष्टिपटलाचा कर्करोग असू शकतो आणि त्याचा एक प्रकार वारशाने येतो.

सावरी

या धाग्यावर थोडे वेगळे विचारते. माझ्या धाकट्या भावाचा सिलिंड्रिकल नंबर सोळाव्या वर्षापासून दर काही महिन्यांनी वाढत गेला. एका ठिकाणी प्रत्येक वेळी नवा चष्मा तेवढा करून दिला गेला आणि 'वाढीचे वय आहे' असे सांगितले गेले. अखेर दुसऱ्या डॉक्टरांनी कॉर्नियाचा नकाशा काढला आणि केराटोकोनस असल्याचे सांगितले. त्याला लहानपणापासून ॲलर्जी आहे आणि डोळे चोळण्याची सवय तर इतकी, की आई हात धरून बसायची. आता प्रश्न असा, की हा साध्या नंबराचाच वाढलेला प्रकार आहे का, आणि मला उणे एक सिलिंड्रिकल आहे, तर मीही तपासून घ्यावे का?

अक्षांश

होय, अवश्य तपासून घ्यावे, आणि केवळ चष्म्याच्या नंबरावर न थांबता कॉर्नियल टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाचा तोच नकाशा, करून घ्यावी.

केराटोकोनस हा साध्या दृष्टिवैषम्याचा पुढचा टप्पा नाही. त्यात कॉर्निया मध्याच्या आसपास, बहुधा किंचित खाली, पातळ होऊन पुढे सुळक्यासारखा येतो. साध्या सिलिंड्रिकलमध्ये दोन वक्रता काटकोनात आणि दोन्ही बाजूंना सारख्या असतात, म्हणून काचेने दृष्टी पूर्ण सुधारते. येथे वक्रता वाकडीतिकडी असल्यामुळे चष्म्याने ती पूर्ण सुधारत नाही, दिव्यांना शेपट्या फुटतात, एकाच अक्षराच्या सावल्या दिसतात. किशोरवयात किंवा विशीत सुरू होऊन तो तिशीच्या पुढे बहुधा स्थिरावतो. घरातील जवळच्या व्यक्तीला असेल, तर धोका सर्वसामान्यांहून पुष्कळ पटींनी अधिक असतो, तरीही बहुतेक रुग्णांच्या घरात दुसरा रुग्ण नसतो. म्हणजे जनुके कॉर्नियाला नाजूकपणा देतात आणि चोळण्यासारखा सततचा आघात त्याला पुढे ढकलतो, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. ॲलर्जीवर उपचार करून डोळ्यांची खाज थांबवणे हा म्हणूनच दुय्यम नव्हे, तर मुख्य उपचाराचा भाग आहे.

भावाचा नंबर अजून वाढत असेल, तर क्रॉसलिंकिंगविषयी डॉक्टरांशी बोलावे. रायबोफ्लेविनचे थेंब घालून ठरावीक अतिनील प्रकाश देतात, त्यामुळे कॉर्नियातील तंतूंचे परस्परबंध घट्ट होतात आणि वाढ थांबते. गेलेली दृष्टी ते परत आणत नाही, नंबर राहतोच. म्हणून वेळ महत्त्वाची. विशीच्या आत सिलिंड्रिकल नंबर वर्षभरात एकाहून अधिक वाढला किंवा अक्ष सारखा बदलत राहिला, तर तिसरा चष्मा करण्यापूर्वी नकाशा काढावा, असे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. आणि आपण चष्मा घालवण्यासाठी लेझरचा विचार करत असाल, तर भावाचा इतिहास तेथे आधी सांगावा. अशक्त कॉर्निया लेझरने आणखी पातळ केला, तर तो फुगत जाण्याचा धोका असतो.

पारवा

माझे वडील रंगांधळे आहेत, लाल-हिरव्यात त्यांची गफलत होते. मला आणि माझ्या भावाला सगळे रंग नीट दिसतात. माझ्या मुलाला हा दोष येऊ शकतो का?

त्रिज्या

येऊ शकतो, शक्यता निम्मी. लाल-हिरव्या रंगांधळेपणाची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. मुलगी म्हणून वडिलांचे एकमेव एक्स आपल्याला मिळालेच आहे, त्यामुळे आपण निश्चितपणे वाहक आहात, म्हणजे स्वतःला दोष नसला तरी तो पुढे देऊ शकता. भावाला त्यांच्याकडून वाय मिळाले, म्हणून त्याच्या मुलांना तुमच्या वडिलांकडून हा दोष येणे शक्य नाही. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन आणि त्याचा भाऊ या दोघांनाही हा दोष होता. डाल्टनने १७९४ साली त्याविषयी व्याख्यान दिले आणि आपल्या डोळ्यातील द्रव निळसर असावा असा तर्क केला. मृत्यूनंतर डोळा उघडून पाहिल्यावर तो तर्क खोटा ठरला, पण जपून ठेवलेल्या त्याच डोळ्यातून १९९५ साली डीएनए काढून त्याच्यात हिरव्या रंगाच्या संवेदनाचे जनुक नसल्याचे सिद्ध करण्यात आले.

आता मूळ धाग्यातील मामांविषयी. येथे सिलिंड्रिकल नंबराचे गणित पूर्ण बाजूला ठेवावे. तेथे अनेक जनुकांचे लहान कल होते. रेटिनायटिस पिगमेंटोसामध्ये एका कुटुंबात बहुधा एकच जनुक बिघडलेले असते, मात्र निरनिराळ्या कुटुंबांत ते निरनिराळे असते आणि अशी ऐंशीच्या आसपास जनुके माहीत आहेत. वारसा तीन मार्गांनी जातो, आणि मुलीचा धोका त्यावर अवलंबून आहे.

पहिला मार्ग एक्सचा. मामांना दोष त्यांच्या आईकडून आला असेल, तर सासूबाई वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. परंतु यजमानांना सासूबाईंकडून तेच एक्स मिळाले असते, तर ते स्वतः आजारी असते. पुरुषांमध्ये या प्रकाराची लक्षणे लवकर, बहुधा शालेय वयातच दिसू लागतात. त्यांची दृष्टिपटलाची तपासणी स्वच्छ असेल, तर त्यांच्याकडून मुलीकडे काहीही जाणार नाही. या मार्गात काळजी घ्यावी लागेल ती यजमानांच्या बहिणीची आणि मावशांची, कारण त्या वाहक असू शकतात आणि त्यांच्या मुलग्यांना निम्मा धोका संभवतो. वाहक स्त्रीच्या दृष्टिपटलावर कधी कधी खुणा दिसतात, तेव्हा आपल्या नणंदेने तपासणी करून घेणे आपल्या मुलीच्या तपासणीहून अधिक उपयोगाचे ठरेल.

दुसरा मार्ग अप्रभावी वारशाचा, ज्यात दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात. मामांचे आईवडील दोघेही वाहक होते असे धरू. निरोगी बहीण, म्हणजे सासूबाई, वाहक असण्याची शक्यता दोन-तृतीयांश, यजमान एक-तृतीयांश, मुलगी एक-षष्ठांश. पण वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. मुलगी आजारी पडण्यासाठी आपणही नेमक्या त्याच जनुकाच्या वाहक असायला हव्यात, आणि आपले व यजमानांचे रक्ताचे नाते नसेल, तर ही शक्यता फारच कमी आहे. जवळच्या नात्यात लग्न झालेले असेल, तर मात्र हे गणित झपाट्याने बदलते.

तिसरा मार्ग प्रभावी वारशाचा. येथे एकच बिघडलेली प्रत पुरते आणि प्रत्येक अपत्याला निम्मा धोका असतो. सासूबाई आणि यजमान दोघेही निरोगी असताना हा मार्ग बहुधा बाद होतो. बहुधा म्हणण्याचे कारण पीआरपीएफ३१ हे जनुक: त्यातील बिघाड एखाद्या व्यक्तीत लक्षणे न दाखवता पुढच्या पिढीत जातो आणि मग 'एक पिढी सोडून आला' असे लोक म्हणतात. एवढ्यासाठी यजमानांची एकदा सविस्तर तपासणी व्हावी.

धुकेरी

अत्यंत आभारी आहे. मग मुलीची जनुकीय चाचणी करून हा विषय एकदाचा मिटवता येईल का? यजमानांचा तसा आग्रह आहे.

पिंपळपान

आमच्या घरात हाच आजार आहे आणि समुपदेशनाच्या सगळ्या पायऱ्या आम्ही चढलो आहोत, म्हणून लिहितो. चाचणी मुलीपासून सुरू करू नये. ती मामांपासून सुरू करावी. आजारी माणसात नेमका कोणता बिघाड आहे हे आधी सापडले, तरच निरोगी माणसात काय शोधायचे ते कळते. मुलीची चाचणी थेट केली आणि काही आढळले नाही, तर तिच्यात दोष नाही म्हणून आढळले नाही की त्या चाचणीला दोष पकडताच आला नाही, हे सांगता येत नाही. शिवाय लक्षणे नसलेल्या लहान मुलांची, ज्यावर बालपणात उपचार नाही अशा आजारासाठी चाचणी करू नये, असा समुपदेशकांचा सर्वसाधारण कल असतो. मोठी झाल्यावर तो निर्णय तिचा तिने घ्यावा, हे त्यामागचे कारण आम्हाला पटले.

मामांसाठी या चाचणीचा स्वतंत्र उपयोगही असू शकतो. आरपीई६५ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील आणि दृष्टिपटलात जिवंत पेशी शिल्लक असतील, तर निरोगी जनुक थेट डोळ्यात सोडण्याचा उपचार आहे. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. तो फक्त त्याच एका जनुकासाठी आहे आणि तो बिघाड फार थोड्या रुग्णांत असतो, त्यामुळे आशा जपून बाळगावी. पण कोणते जनुक बिघडले आहे हे माहीत नसलेल्या रुग्णाचे नाव कोणत्याच नव्या उपचाराच्या चाचणीत लागत नाही.

अहवाल हाती आल्यावर 'अर्थ अनिश्चित' असा शेरा असलेला एखादा बदल त्यात असण्याची दाट शक्यता आहे. आमच्या अहवालातही होता. त्याचा अर्थ दोष सापडला असाही नाही आणि सापडला नाही असाही नाही. अशा वेळी मामांच्या भावंडांचे रक्त तपासून तो बदल आजारी व्यक्तींतच आहे की निरोगी व्यक्तींतही आहे, हे पाहतात. सासूबाईंना रक्त देण्यासाठी आताच तयार करून ठेवावे, कारण त्या मामांच्या सख्ख्या बहीण असल्यामुळे त्यांच्या नमुन्याचे मोल मोठे आहे. एवढे करूनही शेरा तसाच राहिला, तर अहवाल फाइलमध्ये टाकून विसरू नये; दोन-तीन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेकडून त्याचा फेरविचार करून घ्यावा. मधल्या काळात जगभरातील इतर कुटुंबांत तोच बदल नोंदवला गेलेला असतो आणि शेरा बदलतो. आमचा तसाच बदलला.